सरांकडे फक्त शिट्टी राहावी म्हणून : ठाण्यातल्या एका ॲथलेटिक्स क्लबच्या नोंदी

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

काल रात्री बैठक झाली. जानेवारीत क्लबची स्वतःची एक दिवसाची स्पर्धा घ्यायची, असं ठरलं. १४ आणि १६ वर्षांखालचे दोन गट, मुलं-मुली वेगळे. ६० मीटर, २०० मीटर, लांब उडी, गोळाफेक आणि शेवटी रिले. तारीख १२ जानेवारी, कारण १९ ला मुंबई मॅरेथॉन आहे आणि आपले धावणारे पालक सगळे तिकडे असतील. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

स्पर्धेच्या निमित्ताने एक जुनं काम धसास लावायचं आहे. सर पावणेसहाला शाळेच्या मैदानाचं कुलूप उघडतात. मग हर्डल बाहेर काढतात, उडीचा खड्डा खणतात, हजेरी घेतात, फीचे सुटे पैसे मोजतात, कुणाच्या आईचा फोन घेतात, फुटलेल्या गुडघ्याला औषध लावतात. एवढ्यातून जो वेळ उरतो त्यात शिकवतात. एके सकाळी मी घड्याळ लावून पाहिलं. दोन तासांच्या सरावात त्यांना शिकवायला जेमतेम पाऊण तास मिळाला होता. असं चाललेलं बघून मला फार वाईट वाटतं. हा माणूस मुलीच्या पावलाचा नुसता आवाज ऐकून सांगतो की टाच आधी टेकतेय, आणि त्याचा वेळ जातो कुलपं आणि पावत्यांत.

त्याच वेळी कट्ट्यावर पंधरा-वीस पालक बसलेले असतात. मदतीची इच्छा सगळ्यांना असते. 'काही लागलं तर सांगा सर' हे प्रत्येकाने कधी ना कधी म्हटलेलं आहे. पण समजावून सांगण्यापेक्षा स्वतः करणं पटकन होतं, म्हणून सर कुणालाच काही सांगत नाहीत. तेव्हा यापुढे असं करायचं : कामं लिहून काढायची, एकेक काम इतकं लहान करायचं की नवख्याला दहा मिनिटांत दाखवता यावं, आणि प्रत्येकापुढे एकाच माणसाचं नाव लिहायचं. 'पालक समिती बघेल' असं कुठेही लिहायचं नाही. समिती बघते म्हणजे शेवटी सरच बघतात.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

मैदानावर नवरात्रीचा मंडप आहे, त्यामुळे पूजा स्टोअररूममध्येच केली. हर्डल, गोळे, टेप, स्टॉपवॉच, क्लॅपर (शर्यत सोडताना वाजवायच्या जोडफळ्या), फावडं आणि दंताळं ओळीने मांडून सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहिली. दंताळं आधी बाजूलाच राहिलं होतं. सरांनी ते स्वतः उचलून गोळ्यांच्या शेजारी ठेवलं.

सामान एका ठिकाणी आलंच होतं, म्हणून मोजदाद करून घेतली. १० हर्डलपैकी ४ डगमगतात, नटबोल्ट बदलावे लागतील. गोळे ३ आणि ४ किलोचे आहेत. टेप दोन : ५० मीटरचा फायबरचा आणि ३० मीटरचा स्टीलचा. स्टॉपवॉच तीन चालू, एक बंद. रिलेचे बॅटन हरवलेत. बॅटन २८ ते ३० सेंटीमीटर लांब आणि किमान ५० ग्रॅम वजनाचा लागतो. पीव्हीसी पाइप २९ सेंटीमीटरवर कापून, कडा घासून, वाण्याच्या काट्यावर तोलून घेतला. वजनात बसला. असे सहा केले.

रविवार, १३ ऑक्टोबर

मंडप उतरला. मैदानात बांबूंचे खड्डे, सुतळीचे तुकडे आणि खिळे. येऊरच्या पाड्यांवरून आणि लोकमान्यनगरातून येणारी निम्मी मुलं अनवाणी पळतात, त्यामुळे आज पळायचं नाही असं सरांनी सांगितलं. ज्यांचा कार्यक्रम होता त्यांनी 'साफ करून देऊ' म्हटलं होतं. सकाळी कुणीच आलं नाही.

वागळे इस्टेटमधले रिक्षावाले दादा, ज्यांचा मुलगा गोळा टाकतो, त्यांनी जुन्या स्पीकरचं चुंबक आणलं होतं. त्याला दोरी बांधून मैदान आडवं-उभं ओढत गेले. मुलं मागून रांगेत, डोळे जमिनीवर. दर चार-पाच पावलांनी चुंबकाला खिळ्यांच्या मिशा फुटत होत्या. ते काढून डब्यात टाकायचे आणि पुढे. दोन तासांत डालड्याचा जुना डबा अर्धा भरला. एक चार इंची खिळा टोक वर करून बरोबर धावपट्टीत रुतलेला होता. तो मी वेगळा काढून शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना दाखवला. यापुढे मैदान कुणालाही दिलं तर अनामत रक्कम घ्यायची आणि आम्ही चुंबक फिरवून झाल्यावरच परत करायची, हे त्यांनी लगेच मान्य केलं.

खड्ड्यांत माती भरून धुमसाने ठोकली. नुसती भरलेली माती पहिल्या पावलाला दबते आणि घोटा मुरगळतो.

रविवार, २० ऑक्टोबर

पालकांची बैठक, सरावानंतर कट्ट्यावरच. भिंतीला कागद चिकटवला होता, त्यावर कामांची यादी. मी भाषण केलं नाही. एकेक काम वाचलं, किती वेळ लागतो ते सांगितलं आणि थांबले.

कुलूप आणि किल्ली रिक्षावाल्या दादांनी घेतली. त्यांची रात्रपाळी पाचला संपते. म्हणाले, झोपायच्या आधी कुलूप उघडून जातो. हजेरी आणि फी दोन आया आलटूनपालटून बघणार. मोड आलेले मूग आणि केळी इंदिरानगरच्या आजींकडे, नात येते त्यांची. प्रथमोपचाराची पेटी कळव्याच्या ताईंकडे. त्या परिचारिका आहेत, त्यामुळे पेटीत काय हवं यावर चर्चाच झाली नाही. त्यांनी जुनी पेटी उघडली, मुदत संपलेली मलमं फेकली आणि नवी यादी लिहून दिली. मैदान आखणी सर्व्हेवाल्या काकांकडे. ते निवृत्त आहेत, आयुष्यभर सर्व्हेचंच काम केलं. नातू लांब उडी मारतो. कागदपत्रं वकीलताईंकडे.

तीन नियम ठरले. मैदानावर मुलं असतील तेवढा वेळ किमान दोन मोठी माणसं हजर हवीत आणि त्यांतली एक बाई हवी. कुठल्याही मुलाला एकट्याने कुणी गाडीवरून सोडायचं नाही. मुलाच्या अंगाला हात लावून काही दाखवायचं असेल तर सगळ्यांसमोर आणि आधी विचारून. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, आमच्या क्लबात याबद्दल लिखित काहीच नव्हतं. वकीलताईंनी एका पानाचं पत्रक केलं, सगळ्यांनी सह्या केल्या, सरांनी सगळ्यांत आधी. एक वडील जरा नाराज झाले : 'आमच्यावर संशय आहे का?' ताई म्हणाल्या, 'दादा, उद्या तुमच्यावर कुणी खोटा आळ घेतला तर हाच कागद तुमच्या बाजूने उभा राहील.' त्यांनीही सही केली.

रविवार, २७ ऑक्टोबर

लांब उडीचा खड्डा. पावसाळ्यात वाळू बसून घट्ट झालेली, वर शेवाळ, आणि मांजरांनी काय करायचं ते केलेलं. वरची वीतभर वाळू काढून टाकली. बाकीची घमेल्याने बाहेर काढून चाळली. खडे, बाटल्यांची झाकणं आणि काचेचा एक तुकडा निघाला.

नवी वाळू हवी होती. बांधकामाच्या दुकानात आता बहुतेक दगडाचा चुरा मिळतो. स्वस्त पडतो, पण त्याचे कण धारदार असतात. उडी मारून बसलं की मांडी सोलते, शिवाय तो लवकर घट्ट बसतो. धुतलेली नदीची वाळू महाग पडली. पैसे एका पालकाने दिले, त्यांना नाव नको आहे.

खड्डा भरल्यावर पाणी मारून वाळू ओली केली आणि फळीने उडीच्या पट्टीला समतल केली. ओल्या वाळूत पावलाची कड स्वच्छ उमटते आणि मोजताना वाद होत नाही. कोरडी वाळू ढासळते आणि मुलाचे पाच-सात सेंटीमीटर जातात. वरून ताडपत्री. ताडपत्री घालणं-काढणं हे वेगळं काम लिहिलं आणि त्यावर सर्व्हेवाल्या काकांच्या नातवाचं नाव टाकलं.

रविवार, ३ नोव्हेंबर

भाऊबीज. दिवाळीची सुट्टी. निम्मा क्लब गावी.

रविवार, १० नोव्हेंबर

आज आखणी. ही नोंद सविस्तर लिहिते, कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला करावी लागेल.

आपल्या मैदानात ४०० मीटरचा ट्रॅक मावत नाही. २०० मीटरचा, चार लेनचा मावतो. काकांनी रात्रीच हिशोब करून आणला होता. सरळ बाजू ५० मीटरच्या दोन, म्हणजे १०० मीटर झाले. उरलेले १०० दोन अर्धवर्तुळांत. आतल्या बाजूला उंच कड नसेल, नुसती फक्कीची रेषा असेल, तर पहिल्या लेनचं अंतर रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेर मोजतात. तो हिशोब धरून आतल्या रेषेची त्रिज्या १५ मीटर ७१.५ सेंटीमीटर येते.

आधी मधला आयत : ५० मीटर गुणिले ३१.४३ मीटर. काटकोन ३-४-५ च्या त्रिकोणाने धरला. मग दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही ५९ मीटर ६ सेंटीमीटरच्या आसपास यायला हवेत. पहिल्या खेपेला एक कर्ण हातभर जास्त आला. काका शांतपणे म्हणाले, 'खुंटी हलवू नका, आधी टेप बघा.' फायबरचा टेप ओढला की ताणतो आणि दोन माणसांची ओढ सारखी नसते. मग स्टीलच्या टेपने दोन टप्प्यांत मोजलं आणि चूक कुठल्या खुंटीत आहे ते कळलं.

वळणासाठी सुतळी वापरली नाही, दवाने ती सैल पडते. बारीक तार घेतली, एक टोक मधल्या खुंटीला, आणि १.२२ मीटरच्या अंतराने लाल चिंध्या बांधल्या. चिंधी म्हणजे लेनची रेषा. बारावीतला मोठा मुलगा खिळ्याने जमिनीवर कंस ओरखडत गेला आणि मागून दोन मुली फक्की टाकत गेल्या. फक्की खडूच्या पुडीची आणली आहे. चुन्याची स्वस्त मिळते, पण पडलेल्या मुलाच्या डोळ्यांत गेली तर डोळा भाजतो.

मग स्टॅगर. २०० मीटर म्हणजे पूर्ण एक फेरी, म्हणून बाहेरच्या लेनवाल्याला पुढून सोडायचं. दुसरी लेन ७.६७ मीटर, तिसरी १५.३३, चौथी २३ मीटर पुढे. रिलेला दोन फेऱ्या, सगळं दुप्पट. मोठ्या मुलाने विचारलं, स्टेडियममध्ये दुसरी लेन ७.०४ मीटर पुढे असते, मग आपली का नाही? काकांना हा प्रश्न फार आवडला. तिथे पहिल्या लेनला उंच कड असते, म्हणून तिचं अंतर कडेपासून ३० सेंटीमीटरवर मोजतात आणि बाकीच्या लेनचं रेषेपासून २० वर, फरक तेवढाच. वळण लहान असो की मोठं, एका फेरीत एक लेन बाहेर गेल्याची किंमत तीच राहते, हे त्यांनी काठीने मातीत काढून दाखवलं. आठ-दहा मुलं गोल करून बसली होती. नववीच्या भूमितीत जे कुणाला पटलं नव्हतं ते इथे पटलं.

चार कोपरे आणि दोन मध्यबिंदू मिळून सहा ठिकाणी पाइपचे तुकडे वीतभर खोल पुरून ठेवले. भिंतीच्या कोपऱ्यापासून आणि पाण्याच्या टाकीपासून त्यांची अंतरं स्टोअररूमच्या दाराच्या आत रंगाने लिहिली. फक्की पुसली जाईल, हे राहील.

रविवार, १७ नोव्हेंबर

बुधवारी मतदान. शाळेत केंद्र आहे, त्यामुळे आठवडाभर मैदान मिळणार नाही. आज सराव उपवन तलावापासून येऊरच्या चढावर. पुढचा रस्ता राष्ट्रीय उद्यानात जातो आणि बिबट्याचा वावर आहे, म्हणून पूर्ण उजाडल्यावरच सुरुवात, सगळे एकत्र, मागे-पुढे एकेक मोठं माणूस. पाड्यावरच्या मुलांना हा चढ रोजचा आहे. मैदानावर मागे राहणारी दोन मुलं आज सगळ्यांच्या पुढे होती. चढावरच्या या पळण्याची सरांनी वहीत नोंद केली. त्यांना वही उघडायला वेळ मिळाला, हे मला लिहून ठेवायचं आहे.

रविवार, २४ नोव्हेंबर

मैदान परत मिळालं. रेषा गेल्या. पुरलेल्या पाइपांवरून पुन्हा आखायला काकांची गरज पडली नाही, मोठ्या मुलाने तिघांना घेऊन सगळं केलं. चुंबकही फिरवलं, चार खिळे.

रविवार, १ डिसेंबर

टाइमकीपरचं शिक्षण. सात पालक.

सगळ्यांना आधी वाटलं की यात शिकायचं काय, बटण तर दाबायचं आहे. मग सरांनी समाप्तीच्या रेषेवर सातही जणांना उभं केलं, ६० मीटर पलीकडून क्लॅपर वाजवला आणि एकाच मुलाची वेळ घ्यायला सांगितली. वेळांत अर्ध्या सेकंदाची तफावत आली. ६० मीटरमध्ये अर्धा सेकंद म्हणजे पहिला आणि चौथा.

कारणं एकेक करून सुटली. आवाज ऐकून घड्याळ चालू केलं की आवाजाला ६० मीटर यायलाच साधारण ०.१७ सेकंद लागतात. म्हणून क्लॅपरच्या फळ्या मिटताना डोळ्यांनी बघायच्या आणि तेव्हाच दाबायचं. स्टार्टरने काळ्या कपड्यासमोर क्लॅपर धरायचा, म्हणजे फळ्या ठळक दिसतात. समाप्तीला डोकं, हात, पाय धरायचे नाहीत, धड रेषेवर आलं की थांबवायचं. उभं राहायचं ते रेषेच्या सरळ ओळीत, दोन पावलं पुढे-मागे नाही. बटण तर्जनीने दाबायचं, अंगठ्याने हात हलतो.

मग आकड्यांचे नियम. हाताने घेतलेली वेळ पुढच्या दशांशावर न्यायची : ९.३१ आली तरी ९.४ लिहायची. तीन घड्याळं असतील तर मधली वेळ. दोन सारखी आणि एक वेगळं असेल तर सारखी दोन धरायची. दोनच घड्याळं असतील तर जास्त असलेली. मुलाचं नुकसान नको म्हणून कमी वेळ लिहायचा मोह होतो. पण घरच्या मैदानावर मिळालेली खोटी ८.९ जिल्ह्याला जाऊन ९.४ होते, तेव्हा त्या मुलाला आपणच बुडवलेलं असतं. हे सरांनी जरा आवाज चढवून सांगितलं आणि मला ते पूर्णपणे पटतं.

तासाभराने सात घड्याळं दोन दशांशांच्या आत आली. एका काकूंचं घड्याळ दर वेळी मधल्या वेळेवर. त्या शिवणकाम करतात. त्यांना मुख्य टाइमकीपर केलं.

आणखी एक ठरलं : आपलं मूल ज्या हीटमध्ये (एका वेळी पळणाऱ्या तुकडीत) आहे त्या हीटला आपण घड्याळ धरायचं नाही.

रविवार, ८ डिसेंबर

कागदपत्रं. गट जन्मतारखेवर ठरतो, त्यामुळे प्रत्येकाच्या जन्मदाखल्याची प्रत फाइलला हवी. वयचोरी हा आपल्या खेळाला लागलेला जुना रोग आहे. वरच्या स्पर्धांत शंका आली तर डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासतात. दोन वर्षांनी मोठं मूल खालच्या गटात पळवलं की पदक मिळतं आणि एका खऱ्या तेरा वर्षांच्या मुलीला वाटतं, आपल्यात दमच नाही, आणि ती खेळ सोडते. आपल्या क्लबात हे चालणार नाही. वकीलताईंनी दाखल्याची मूळ प्रत बघितल्याशिवाय नाव चढवायचं नाही, असं ठरवलं.

याच नियमाने एक अडचण समोर आणली. पाड्यावरची एक मुलगी, आमच्यातली सगळ्यांत वेगवान, तिचा दाखलाच नाही. घरी जन्मली, नोंद झाली नाही. शाळेत तारीख आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माला एक वर्ष उलटून गेलं की नोंद नुसत्या अर्जावर होत नाही, दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आहे. त्यासाठी नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, आई-वडिलांचं प्रतिज्ञापत्र असं सगळं जमवायचं. तिच्या वडिलांची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. ताई म्हणाल्या, 'फेऱ्या मी मारते, तुम्ही सही लागेल तेव्हाच या.'

आपल्या स्पर्धेत ती रजिस्टरच्या उताऱ्यावर पळेल. बाहेरच्या स्पर्धेला मात्र थांबावं लागेल. हे तिला सरांनी स्वतः सांगितलं. तिने विचारलं, 'पण सराव तर करायचा ना?'

रविवार, १५ डिसेंबर

गोळाफेकीचं क्षेत्र आखलं. वर्तुळाचा व्यास २.१३५ मीटर, कोन ३४.९२ अंश. कोनमापक लागत नाही : वर्तुळाच्या केंद्रापासून १० मीटरवर दोन्ही रेषांमध्ये बरोबर ६ मीटर अंतर ठेवलं की कोन येतो. बाहेरून दोरी बांधली. गोळा वर्तुळात परत येईपर्यंत दोरीच्या आत एकच माणूस, तोही टाकणाऱ्याकडे तोंड करून. गोळा हातानेच परत आणायचा, फेकायचा नाही.

हर्डलचे नटबोल्ट बदलले.

रविवार, २२ डिसेंबर

रंगीत तालीम. सहाला पूर्ण अंधार, सूर्य सातनंतर. थंडीत वॉर्म-अप लांबवला.

दोन स्वयंसेवक आले नाहीत. एकाला ऑफिसने बोलावलं, एकाच्या घरी आजारपण. कुणीही रागावायचं नाही, असं मी आधीच सांगितलं होतं. नोकरी करून, लोकल पकडून, घर सांभाळून माणसं येतात. एकदा टोचून बोललं की पुन्हा येत नाहीत. प्रत्येक कामाला जोडीदार लावला, म्हणजे एक नसला की दुसऱ्याला ते येतं. जोडीदार निवडायचं काम ज्याचं त्याने करायचं.

तालमीत सगळ्यांत गोंधळ झाला तो धावण्याच्या आधी : कोण कुठल्या हीटला, कुठे उभं राहायचं, छातीवरचा नंबर कुणाकडे. चार लेन म्हणजे चार-चारच्या हीट, त्यामुळे हीट भरपूर. पिंपळाखाली कॉलरूम केली. तिथे एक ताई यादी घेऊन बसणार, दोन मोठ्या मुली चौघांना ओळीने नेऊन सुरुवातीच्या रेषेवर पोहोचवणार. पुढची हीट पाराजवळ तयार, त्याच्या पुढची पारावर बसलेली. वेळ निम्म्यावर आला.

रविवार, ५ जानेवारी २०२५

एका वडिलांशी बोलणं. मुलगा सरावात दुसरा आला, त्यांच्या मोबाइलमधल्या व्हिडिओत पहिला दिसतो. त्यांना रेषेवर घेऊन गेले. ते जिथे उभे राहून चित्रण करत होते तिथे उभं केलं, दोन मुलांना बरोबरीने रेषेवर थांबवलं. त्यांच्या जागेवरून जवळच्या लेनमधला मुलगा स्पष्ट पुढे दिसत होता. मग सरळ ओळीत येऊन बघायला सांगितलं. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'मला पण शिकवा हे घड्याळ.' १२ तारखेला तेच दुसऱ्या क्रमांकाच्या घड्याळावर.

रविवार, १२ जानेवारी, स्पर्धा

साडेसातला पहिली हीट. कळव्याच्या ताईंनी सकाळीच जलसंजीवनी केली होती, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दादांची रिक्षा फाटकाशी, तोंड रस्त्याकडे करून, किल्ली आत. गरज पडली नाही. एका मुलाचा गुडघा सोलला, जागेवर धुतला.

६० मीटरच्या एका हीटमध्ये पहिल्या मुलीवर तिन्ही घड्याळं : ८.९४, ८.८८, ८.९१. मधली ८.९१, लिहिली ९.०. तिच्या आईने विचारलं, ८.९ का नाही. मुख्य टाइमकीपर काकूंनी नियम सांगितला, तो इतक्या सहजपणे की आई 'बरं' म्हणून गेली. महिन्यापूर्वी काकू स्वतः हाच प्रश्न विचारत होत्या.

लांब उडीला काका. मोजणी उडीच्या पट्टीच्या रेषेपासून सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत, रेषेला काटकोनात, आणि अर्धवट सेंटीमीटर सोडून द्यायचा. एका मुलाचा हात मागे टेकला, पावलापेक्षा वीतभर मागे. तो रडवेला झाला. काकांनी त्याला खुणेजवळ बसवून दोन्ही ठसे दाखवले आणि पुढच्या उडीला हात पुढे कसे ठेवायचे ते सांगायला सरांकडे पाठवलं.

सर तिथेच होते, खड्ड्याच्या कडेला खुर्ची टाकून, मांडीवर वही. पूर्ण सकाळ त्यांनी एकही कुलूप उघडलं नाही, एकही यादी धरली नाही. मी मध्येच जाऊन वही वाचली. पाड्यावरच्या मुलीच्या नावापुढे लिहिलं होतं : वळणावर आत झुकते, छान. शेवटच्या तीस मीटरमध्ये खांदे वर येतात, म्हणून पाऊल आखूड पडतं. खांदे, पाय नव्हे. त्याखाली तीन आठवड्यांचं काम लिहिलेलं. दोन वर्षं ती आमच्याकडे पळते आहे. सरांना हे आज दिसलं, कारण आज त्यांना शांतपणे बघायला मिळालं. ती २०० मीटरमध्ये गटात पहिली आली.

रिलेला आरडाओरडा एवढा की स्टार्टरला तीनदा शांत करावं लागलं. एक बॅटन पडला, उचलून पळाले, शेवटचे आले, टाळ्या सगळ्यांत जास्त त्यांनाच. दुपारी बारापर्यंत सगळं संपलं. भोगी उद्याच, म्हणून बक्षिसाबरोबर आजींच्या हातची तिळाची चिक्की.

संध्याकाळी ताडपत्री घातली, सामान मोजून आत. एक गोळा कमी भरला, तो कॉलरूमच्या टेबलाखाली सापडला, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला.

बुधवार, १५ जानेवारी

आज राज्याचा क्रीडा दिन, खाशाबा जाधवांचा जन्मदिवस. सरावानंतर सरांनी मुलांना दहा मिनिटं गोष्ट सांगितली : १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं आणि तिथून ते कांस्यपदक आलं. मुलांना कुस्तीचे डाव ऐकायचे होते. माझ्या शेजारी बसलेल्या हजेरीच्या आयांना मात्र त्या घराचं पुढे काय झालं ते ऐकायचं होतं.

हिशोब पुरा केला. जमाखर्च कट्ट्याजवळच्या फलकावर लावला, पावत्यांसकट. नवे दोन विश्वस्त घेतले आहेत, त्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत गेला पाहिजे. वकीलताईंनी तारीख लिहून घेतली.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर छोटी बैठक.

पुन्हा घड्याळ लावलं होतं. दोन तासांत सरांचं शिकवणं आता दीड तासाच्या वर जातं. राहिलेला वेळ पालकांशी बोलण्यात जातो, तो त्यांनाच हवा आहे, तो काढून घ्यायचा नाही.

यादीतली तीन कामं अजून बिननावाची आहेत : स्पाइक्स आणि बुटांची देवघेव, उन्हाळ्यातली पाण्याची सोय, आणि पावसाळ्यात सराव कुठे घ्यायचा याची चौकशी. पहिल्याला आज नाव मिळालं.

मुलीच्या दाखल्याचा अर्ज दिला आहे, पोच फाइलला आहे. आदेश अजून नाही. ताई दर सोमवारी विचारून येतात.

जिल्ह्याच्या पुढच्या स्पर्धेसाठी आपल्या क्लबकडे टाइमकीपर मागितले आहेत. काकू आणि व्हिडिओवाले वडील जाणार. दादांना स्टार्टर व्हायचं आहे. तांत्रिक अधिकाऱ्यांच्या परीक्षेचा अभ्यासक्रम सरांकडे आहे, तो त्यांनी दादांना दिला. दादा रिक्षात ठेवून वाचतात, स्टँडवर गिऱ्हाईक नसेल तेव्हा. किल्ली फेब्रुवारीपासून जोडीदाराकडे.